कळव्यातलं वन आरके आणि दहा रुपयांचा स्टॅम्प पेपर

घरमालकांचा फोन आला तो २९ सप्टेंबर २०२३ ला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. मखराचे पुठ्ठे अजून पलंगावरच पडले होते. "ताई, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. तुमचा करार जानेवारीअखेर संपतोय, पुढचा नाही करता येणार." माणूस सज्जन. सहा वर्षांत एकदाही भाड्यासाठी दारात आले नाहीत. त्यांना नवीन घर मिळणार, तोवर बिल्डरकडून भाडं मिळणार. लिव्ह अँड लायसन्सवाल्याला यातलं काही मिळत नाही, फक्त डिपॉझिट परत मिळतं. आमचं पन्नास हजार होतं.

मी आणि आई, दोघीच. ठाण्याच्या नौपाड्यात बावीस वर्षं, तीन वेगवेगळ्या घरांत, भाड्याने. वन आरकेचं, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, साडेचौदा हजार भाडं देत होतो. तेवढ्याच जागेला ऑक्टोबरमध्ये एकवीस हजार सांगायला लागले. मला आधी वाटलं एजंट फेकतायत. मग एकाने चहा पिता पिता उलगडून सांगितलं. आमच्या आसपास एका वेळी तीन-चार सोसायट्या रिकाम्या होत होत्या. त्यातल्या मालकांना मुलांच्या शाळांमुळे जवळच राहायचं होतं आणि भाडं बिल्डर भरणार होता. मग बावीस काय नि पंचवीस काय! त्यांच्या रांगेत आम्ही स्वतःच्या पगारातून भाडं देणारे. पुनर्विकासात वन आरकेही राहत नाही. जुन्या तीन मजल्यांत जी छोटी घरं असतात, ती नव्या बावीस मजल्यांच्या नकाशात दिसतच नाहीत.

आईने पहिल्यांदा विषय काढला, "एवढं भाडं भरण्यापेक्षा हप्ता नाही का भरता येणार?" हे ती दर दोन वर्षांनी म्हणायची. या वेळी मी वही काढली.

ऑक्टोबर आणि दिवाळीपर्यंतचा नोव्हेंबर बघण्यात गेला. घोडबंदर रोडला सॅम्पल फ्लॅट पाहिले. तीनशे साठ फूट कार्पेटचं (भिंतींच्या आतल्या जागेचं) वन बीएचके, सगळं धरून पासष्ट-सत्तर लाख, वर स्विमिंग पूल आणि दरमहा मेंटेनन्स. तिथे एक गोष्ट नव्याने कळली. बांधकाम चालू असलेल्या घराला जीएसटी लागतो. घर परवडणाऱ्या वर्गात बसलं तर तो १ टक्का, नाहीतर ५. त्या वर्गात बसायला आपल्याकडे कार्पेट ६० चौरस मीटरच्या आत हवं आणि किंमत ४५ लाखांच्या आत. म्हणजे तीनशे साठ फुटांचं खुराडं आकाराने गरिबाचं, पण सरकारी हिशेबात श्रीमंताचं. सेल्सच्या मुलीने हे इतकं हसतमुखाने सांगितलं की मीही हसले.

दिव्यात सतरा लाखांत वन बीएचके दाखवलं. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, कुठे आहे, विचारलं. "मॅडम, ओसी-बिसी इथे कोण बघतंय? बँक देत नाही, पण फायनान्सवाले आहेत आपल्याकडे." जिना चढताना मला शीळफाट्याजवळची लकी कंपाउंडची इमारत आठवत होती. ४ एप्रिल २०१३ ला ती कोसळली, ७४ माणसं गेली. तीही अनधिकृतच होती. आईला त्या घराबद्दल काही सांगितलं नाही. म्हाडाच्या कोकण मंडळाच्या ५,३११ घरांच्या सोडतीत अर्ज भरून ठेवला होता. सोडत फेब्रुवारीत झाली, आमचा नंबर लागला नाही.

३ डिसेंबरला, रविवारी, कळव्याचं घर बघितलं. स्टेशनपासून चालत बारा मिनिटं, तिसरा मजला, लिफ्ट नाही, ३१२ फूट कार्पेट. ओसी होती. मी पहिला प्रश्न तोच विचारला आणि घर विकणाऱ्या काकांनी उठून लोखंडी कपाटातून फाईलच काढली. काका निवृत्त, मुलगा पुण्यात, तिकडे जायचं म्हणून घर विकायचं. सांगत होते छत्तीस, ठरलं चौतीस लाखांना. म्हणजे फुटाला दहा हजार नऊशेच्या आसपास. "नवा पूल झाला ना मॅडम, आता कळवा म्हणजे ठाणेच," एजंट म्हणाला. खाडीवरचा तिसरा पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून हे वाक्य प्रत्येक एजंटच्या तोंडी आहे. कळव्याला आजही फक्त स्लो गाड्या थांबतात, हे त्यातला कोणीच सांगत नाही.

९ डिसेंबरला टोकन दिलं, एक्कावन्न हजार, चेकने. इथे एक सांगते. टोकनच्या पावतीवर दोन ओळी लिहून घ्या: कर्ज मंजूर झालं नाही किंवा टायटलमध्ये, म्हणजे मालकीच्या कागदांत, अडचण निघाली तर टोकन पूर्ण परत. ऑफिसमधल्या सहकाऱ्याने बजावलं म्हणून मी ते केलं. काका जरा खट्टू झाले. "अहो, मी काय पळून जाणार आहे का?" पण सही केली. पुढचे तीन महिने त्या दोन ओळींच्या जिवावर मी रात्री झोपले.

बँकेत फाईल दिली १३ डिसेंबरला. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, हे सगळ्यांना माहीत असतं. जुन्या इमारतीला वेगळं काय लागतं ते कोणी आधी सांगत नाही. तीस वर्षांवरची इमारत म्हणून स्ट्रक्चरल ऑडिटचा दाखला मागितला. सुदैवाने सोसायटीने तो करून ठेवला होता. व्हॅल्युअर येऊन दहा मिनिटांत गेला आणि चौतीसच्या घराची किंमत त्याने एकतीस लावली. कर्ज त्या एकतीसवर मोजतात, आपण देतो त्या किमतीवर नाही. चोवीस लाख मंजूर होतील म्हणाले, आणि तेही पंधराच वर्षांसाठी. वीस वर्षं का नाही, तर इमारतीचं वय. माझं वय चाळीस, ते चालत होतं. हप्ता बसला २३,९८७ रुपये. भाड्याच्या एकवीस हजारांपुढे हा आकडा ठेवून मी आईला दाखवला. ती म्हणाली, "तीन हजार मी देईन पेन्शनमधून." विषय संपला.

खरी अडचण आली २२ डिसेंबरला. बँकेच्या वकिलांनी आक्षेप काढला. काकांनी घर घेतलं १९९८ साली, तो करार नोंदणी केलेला, चोख. पण त्यांच्या आधीच्या मालकाने बिल्डरकडून घेतलं १९८९ मध्ये, आणि तो करार केला होता दहा रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर. मुद्रांक शुल्क भरलेलंच नाही. १० डिसेंबर १९८५ नंतरच्या अशा करारांना खरेदीखतासारखं पूर्ण शुल्क लागतं. त्याआधीचा असता तर प्रश्नच नव्हता. चार वर्षांचा फरक! जुनं घर घेताना करारांची साखळी पहिल्या कडीपासून बघायची ती यासाठी. मी फक्त शेवटचा करार बघितला होता आणि स्वतःला हुशार समजत होते.

माझ्या वकीलबाई उथळसरला बसतात. त्यांनी कागद उन्हाकडे धरून बघितला. "दंड महिन्याला दोन टक्के, जास्तीत जास्त चौपट. शुल्क तेव्हाच्या किमतीवर, त्यामुळे घाबरू नका. आणि नशीब बघा तुमचं, अभय योजना चालू झालीय." सरकारने १ डिसेंबरपासूनच मुद्रांक शुल्क अभय योजना आणली होती, १९८० ते २०२० मधल्या दस्तांसाठी. आमच्यासारख्या विसाव्या शतकातल्या कागदाला, शुल्क लाखाच्या आत असेल तर, पहिल्या टप्प्यात शुल्कही माफ आणि दंडही माफ. अट एकच, स्टॅम्प पेपर अधिकृत विक्रेत्याकडचा हवा. कोऱ्या कागदावरचा करार चालत नाही. म्हणजे ज्या दहा रुपयांच्या कागदाला मी आठवडाभर शिव्या देत होते, त्यानेच वाचवलं.

तो करार घरी आणून मी निवांत वाचला. टाइपरायटरवर केलेला, कडेला गंजलेल्या टाचणीचा डाग. किंमत: रुपये अठ्ठ्याऐंशी हजार फक्त. काकांनी ९८ ला सव्वातीन लाख दिले होते. माझे बाबा १९८९ मध्ये वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ ची. बाबांच्या कंपनीच्या जागी आता काचेची इमारत आहे, खाली कॉफीचं दुकान. त्यांच्या खात्यातल्या चौघांनी मिळून तेव्हा कळव्यात घरं घेतली. बाबांनाही विचारलं होतं. ते म्हणाले, "खाडीपलीकडे कोण जाऊन राहणार?" ही गोष्ट आमच्या घरात विनोद म्हणून सांगितली जायची. आईने कागद हातात घेतला, आकडा बघितला, घडी घालून परत दिला. त्या दिवशी ती त्यावर काही बोलली नाही.

अभय योजनेचा अर्ज ११ जानेवारीला दिला. पहिल्या टप्प्याची मुदत तेव्हा ३१ जानेवारी जाहीर झाली होती, त्यामुळे बरीच गर्दी होती. अर्जासोबत मूळ करार, त्याच्या साक्षांकित प्रती, काकांचा १९९८ चा करार, सूची क्रमांक दोन (नोंदणीचा उतारा, इंडेक्स टू), शेअर सर्टिफिकेटची प्रत, ओसी, सोसायटीचं पत्र. मी बांधकामाच्या वर्षाचा पुरावा न्यायला विसरले. खिडकीतल्या बाईंनी रागावण्याऐवजी सांगितलं, मालमत्ता कराची जुनी पावती चालेल, आजच आणा म्हणजे नंबर जाणार नाही. काकांनी १९९९ ची पावती फोन केल्यावर वीस मिनिटांत शोधली. ज्याच्या घरी लोखंडी कपाट आहे अशा माणसाकडून घर घ्यावं!

आणि मग वाट बघणं. ३१ जानेवारीला नौपाड्याचं घर सोडलं. सामान टेम्पोने डोंबिवलीला मावशीकडे नेलं, अर्धं तिच्या गॅलरीत ताडपत्रीखाली. सकाळी आठला डोंबिवलीहून लोकलमध्ये चढायचं म्हणजे काय ते डोंबिवलीकरांना सांगायला नको. बँकेचं मंजुरीपत्र तीन महिन्यांपुरतं असतं. एजंट दर सोमवारी "मॅडम, दुसरी पार्टी पण विचारतेय" असा मेसेज टाकायचा. मी काकांना थेट फोन केला. ते म्हणाले, "पार्टी-बिर्टी कोणी नाही. तुम्ही निवांत करा." एजंट मधे असला तरी विकणाऱ्याशी दर आठवड्याला दोन मिनिटं बोलत राहावं, हे मी यातून शिकले.

आदेश हातात आला ४ मार्चला. करारावर शिक्का आणि दाखला. भरायची रक्कम शून्य. बँकेच्या वकिलांचा होकार यायला आणखी आठ दिवस. १ एप्रिलपासून रेडी रेकनर (शुल्कासाठी धरले जाणारे सरकारी दर) वाढणार अशी आवई होती, म्हणून मार्चअखेरीच्या आत नोंदणी करायची धांदल. (त्या वर्षी दर वाढलेच नाहीत. ती धावपळ फुकट गेली.)

मुद्रांक शुल्क ठाण्यात एकूण ७ टक्के पडतं: मूळ ५, वर स्थानिक संस्थेचा एक आणि मेट्रोचा एक. घेणाऱ्या सगळ्या बायकाच असतील तर एक टक्का कमी. मामा सांगत होता, भावाचंही नाव घाल, पुढे-मागे बरं पडतं. चुलतभाऊ, तोही नाशिकचा! त्याचं नाव घातलं असतं तर चौतीस हजारांची सवलत गेली असती. मी आणि आई, दोघींच्याच नावावर केलं. शुल्क २ लाख ४ हजार. नोंदणी फी १ टक्का, पण तिला ३० हजारांची मर्यादा आहे. घर पन्नास लाखांच्या आत असल्याने टीडीएसची, म्हणजे किमतीतून कर कापून भरायची, भानगड नव्हती.

२० मार्चला, बुधवारी, नोंदणी. पब्लिक डेटा एंट्री (दस्ताची ऑनलाइन माहिती) वकीलबाईंनी आधीच भरून ठेवली होती, चलनही ऑनलाइन भरलेलं. साडेदहाचा टोकन नंबर, आत बोलावलं पावणेदोनला. ओळख पटवायला दोन साक्षीदार लागतात. ते आपले आपण न्या, बाहेर उभे असलेले पैसे घेतात. माझी मैत्रीण आणि तिचा नवरा अर्धी रजा टाकून आले होते. फोटो झाले, माझा अंगठा झाला, आईचा काही केल्या मशीन घेईना. आयुष्यभर भांडी घासून रेषा पुसल्या होत्या. शिपायाने ओला फडका दिला, मग कोरडा, मग म्हणाला, "आजी, जरा कपाळाला बोट लावा आणि मग ठेवा." कपाळाच्या तेलाने ठसा उमटला. वयस्कर माणसाला घेऊन जाणार असाल तर ही युक्ती लक्षात ठेवा. सोबत पाण्याची बाटली आणि बिस्किटंही.

गहाणखताचा मुद्रांक कर्जाच्या ०.३ टक्के, ७,२०० रुपये. तो अंदाजपत्रकात कोणी धरत नाही. ५ एप्रिलला काकांच्या नावाचा धनाकर्ष निघाला. पाडवा ९ ला होता. सगळे म्हणाले, वा, पाडव्यालाच ताबा! मी काकांना विचारलं. ते जरा थांबून म्हणाले, "या वर्षीची गुढी मी उभारतो इथे, चालेल का? पंचवीस वर्षं त्याच खिडकीला बांधलीय." किल्ल्या आम्ही १० एप्रिलला घेतल्या. खिडकीच्या गजाला सुतळी तशीच होती.

पैशांचा हिशेब एकदाच मांडते. शुल्क, नोंदणी, एजंटचे पन्नास हजार (अडुसष्ट मागत होता, दोन टक्क्यांच्या हिशेबाने), वकीलबाईंचे अठरा हजार, बँकेची प्रोसेसिंग, व्हॅल्युएशन वगैरे चौदा, गहाणखत, सोसायटीत दिलेला आमचा वाटा १२,८००. मिळून ३ लाख ३६ हजार. किमतीच्या जवळजवळ दहा टक्के, आणि यातला एक रुपयाही बँक देत नाही. वर रंग आणि नळाचं काम, एक लाख दहा हजार. पीएफमधून काढले, बाबांच्या ग्रॅच्युइटीची एफडी मोडली. एक जाणवलं. वकील तीनशे फुटांच्या घराला तेवढेच कागद वाचतो, साक्षीदार तेवढेच लागतात. घर लहान म्हणून खर्चाला कोणी लहान करत नाही.

सोसायटीचं राहिलं. आम्हाला हस्तांतरणासाठी पन्नास हजार 'स्वेच्छा देणगी' सांगितली. ९ ऑगस्ट २००१ चं शासनाचं परिपत्रक आहे, महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) कमाल २५ हजार. मी त्याची प्रत नेली, पण टेबलावर आपटली नाही. या लोकांबरोबरच पुढे राहायचंय. सेक्रेटरींना म्हटलं, "दादा, हे जरा कमिटीला दाखवा ना, मला यातलं कळत नाही." पुढच्या मीटिंगनंतर २५,६०० ची पावती फाटली: अधिमूल्य, हस्तांतरण शुल्क पाचशे आणि प्रवेश शुल्क शंभर. अर्धे काकांनी दिले. शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलं जूनमध्ये. मालमत्ता कर आणि विजेच्या बिलावरचं नाव बदलायला सूची क्रमांक दोन आणि सोसायटीचं पत्र पुरतं. त्याच्या दहा-बारा झेरॉक्स एकदमच काढून ठेवा.

आई पहिले दोन महिने नौपाड्यातल्याच भाजीवाल्याकडे जायची, रिक्षाने. आता इथलीच एक जण दारात येते. मला अजून ठाणे स्टेशनला उतरायची सवय आहे. दोनदा उतरलेही, आणि मग पुढच्या स्लो गाडीसाठी थांबले.

गणपती उठल्यावर सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस आली. पाकिटावर अजून काकांचंच नाव. विषय क्रमांक सात: इमारतीच्या पुनर्विकासाबाबत प्राथमिक चर्चा. खाली जिन्यात दोन भाडेकरू नोटीस वाचत उभे होते. त्यातल्या एकीने मला विचारलं, "ताई, म्हणजे किती दिवसांत सोडावं लागतं?" मी म्हटलं, नुसती चर्चा आहे, वर्षं जातात. मग आमच्या एजंटचा नंबर नको, पण वकीलबाईंचा दिला.

संध्याकाळी काकांना फोन करून नोटीस वाचून दाखवली. ते बराच वेळ हसत होते. "सत्त्याण्णवपासून... नाही, अठ्ठ्याण्णवपासून मी लिफ्टसाठी पत्र देत होतो," म्हणाले. "तेवढं सभेत विचारा. माझ्या पत्राची प्रत कपाटात, खालच्या खणात राहिलीय का बघा."

राहिली होती.